बोर्डात बिघाड नव्हता

मिरजेच्या एका दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी माझ्या थोरल्या भावाला चार शब्द सांगितले: बोर्डात काही बिघाड नाही. शब्द खरे होते. तो बोर्ड कुणीही तपासला असता तरी हेच म्हणाला असता. पण त्या चार शब्दांनी माझ्या वहिनींचे दोन शब्द खोटे पाडले. त्या भेटेल त्याला एकच सांगत होत्या, "वाजली न्हाई." घंटा वाजलीच नाही. पुढे पाच महिने घरात कुणी त्यांचं हे ऐकून घेतलं नाही. ते खरं आहे हे त्यांच्याखेरीज दोघांना ठाऊक होतं. एक माझे वडील, ज्यांना बोलता येत नाही. दुसरा मी, ज्याला येतं.

मी साताऱ्यात राहतो आणि शिरवळला एका कारखान्यात काम करतो. आम्ही शीतगृहांचे आणि दूध गार ठेवायच्या टाक्यांचे कंट्रोल बोर्ड बनवतो. सकाळी कंपनीची बस खंबाटकीच्या बोगद्यातून जाते, संध्याकाळी घाटातून परत येते. थंडीत बोगद्याच्या अलीकडे धुकं असतं आणि पलीकडे ऊन. मधल्या पिवळ्या दिव्यांत माझा डोळा हमखास लागतो, आणि इतकी वर्षं झाली तरी बाहेर पडताना मला क्षणभर कळत नाही की मी कामावर चाललोय की घरी.

माझं काम त्या बोर्डाच्या आतल्या कारभाऱ्याचं आहे. त्याला कर्नेल म्हणतात. कुणी कधी काय करायचं, कुणाचं आधी ऐकायचं, हे तो ठरवतो. आमच्या बोर्डांवरचा छोटा कर्नेल मीच लिहिलेला आहे, आणि त्यातला मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे इंटरप्ट.

प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला असतो. लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांना वाटतं यंत्र म्हणजे सतत राबणारं काहीतरी. पण आम्ही त्याला झोपवणारी आज्ञाच लिहितो: हाक येईपर्यंत पडून राहा. मग कुठेतरी दुधाचं तापमान चढतं, किंवा कुणी टाकीचं झाकण उघडतं, आणि एका तारेवरून हाक येते. ती हाक म्हणजे इंटरप्ट. तिच्यात मजकूर नसतो. कुठून आली एवढं कळतं; का आली ते जाऊन बघावं लागतं. प्रोसेसर जागा होतो. हातात काही काम असेल तर वाचत्या पानात बोट घालून उठावं तसा उठतो, हाक मारणाऱ्याकडे जातो, बघतो, पोच देतो, परत येतो आणि त्याच ओळीपासून पुढे वाचू लागतो. मध्ये आपल्याला कुणी उठवलं होतं हे त्या वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. मला ही गोष्ट तरुणपणी इतकी सुंदर वाटायची की टेबलावर बसल्या बसल्या मी तारेचं एक टोक पिनेला टेकवून मुद्दाम हाका उठवायचो आणि तारेतली वीज दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर हिरवी रेघ उडी मारून परत शांत होताना बघत राहायचो. तळ्यात खडा टाकून बघावं तसं.

प्रत्येक हाकेची नोंद मी मेमरीच्या एका कोपऱ्यात ठेवायचो. कुठल्या तारेवर, किती वाजता, कुणी पोच दिली की नाही. या नोंदीला आम्ही माग म्हणायचो. चूक शोधायची तर माग काढायचा. माग खोटं बोलत नाही, असं मी नव्या लोकांना शिकवत आलो.

एका पावसाळ्यात पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीच्या शीतगृहातून तक्रार आली की बोर्ड बधिर होतो. मी गेलो. दाराच्या बटणात ओल शिरली होती आणि ते बटण दर सेकंदाला हजारो हाका मारत होतं. बिचारा प्रोसेसर उठण्यातच संपत होता. गारव्याकडे बघायला त्याला उसंत नव्हती. त्या ढगात, दारापाशी उकिडवा बसून, मी एक नियम लिहिला. एखाद्या तारेवरून वारंवार हाका येत असतील आणि कुणीच त्यांची पोच देत नसेल, तर त्या हाका खोट्या समजायच्या आणि ती तार काही वेळ बंद करायची. मोठ्या कर्नेलांतही असा नियम असतो. तार बंद करताना ते नोंदीत एक ओळ लिहून ठेवतात, तिचा अर्थ साधारण असा होतो की कुणालाच पर्वा नव्हती. आमच्या गावाकडे हाकामारीची भीती घालतात, की एकच हाक आली तर ओ देऊ नये, ते भूत असतं. माझ्या नियमातली भुतं उलटी होती. ती फार वेळा हाक मारायची. नियम चालला. साहेबांनी कौतुक केलं. मीही स्वतःचं केलं.

आमचं गाव कृष्णेकाठी, पलूसच्या अलीकडे. घर भावाचं आणि वहिनींचं, ऊसही त्यांचाच. मी सणावारी कोल्हापूर गाडीने ताकारीला उतरणारा पाहुणा. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा पाणी योजनेवर पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं ते त्यांच्या हातात. त्यांचा आवाज तीन रानं ओलांडून जायचा. ते बांधावरून हाक मारायचे, उसाच्या आतून कुठूनतरी "ओ" यायची, आणि ती आल्याशिवाय ते कालव्याचं दार उचलायचे नाहीत. "ओ न्हाई तर पानी न्हाई," म्हणायचे. लोक चेष्टा करायचे, पाणी कवाबी येऊ दे, आबांचा घसा आधी येतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं. फक्त बाहेर काही येत नाही.

मी त्यांच्यासाठी घंटा बनवली. पुढच्या सोप्यात त्यांच्या कॉटला डाव्या हाताशी वायरला टांगलेलं एक मोठं बटण. स्वयंपाकघरात भिंतीवर घंटा आणि तिच्याखाली हिरवं बटण. आबांनी दाबलं की घंटा वाजायची. वहिनींनी हिरवं बटण दाबलं की ती थांबायची आणि पोच नोंदली जायची. आत माझाच कर्नेल. बसवून झाल्यावर आबांनी बटण दाबलं, घंटा वाजली, आणि त्यांच्या चेहऱ्याच्या चालत्या अर्ध्या भागावर जे आलं ते बघून मी घरामागच्या परड्यात जाऊन तोंड धुऊन आलो.

मग भावाचे फोन सुरू झाले. "लय वाजतीया रं तुजी घंटा. आबा उगंच दाबत्यात. जाऊन बघावं तर काय नको आसतंय. कानाचा पार भुगा झालाय."

दसऱ्याला गेलो तेव्हा लॅपटॉप जोडून मी माग वाचला. दिवसाला शंभरावर हाका. पोच जवळजवळ कुठेच नाही. हिरवं बटण क्वचित कधीतरी दाबलेलं. माझ्या डोळ्यांना ते चित्र ओळखीचं होतं. पाचगणीचं दार. बटण ओलं नव्हतं, म्हातारा माणूस होता, एवढाच फरक.

वहिनी चार पावलांवर पुरणपोळ्या लाटत होत्या. मी त्यांना काही विचारलं नाही. मी मागाला विचारलं.

आणि तो नियम मी त्या बोर्डात घातला. पाच हाका लागोपाठ पोचेवाचून गेल्या की तार दोन तास बंद. आबा दाबतील, नोंद होईल, पण घंटा वाजणार नाही. कुणाला सांगितलं नाही. भावाला सांगितलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं की नाही, ठाऊक नाही. म्हणूनच सांगितलं नसावं. आठवड्याने त्याचा फोन आला. "आता बरं हाय गड्या. आबा शांत झाल्यात. काय केलंस?" मी म्हणालो, "थोडं सेटिंग." तो हसला. मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी घाट चढताना बसच्या काचेला डोकं टेकवून मी सुखाने झोपलो.

आणखी चार दिवसांनी आबा पडले.

भाऊ पंपाचं सामान आणायला पलूसला गेला होता. वहिनी परड्यात वैरण कापत होत्या. आबा कॉटवरून उठायला गेले आणि कॉट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत कोसळले. भाऊ चारला परतला तेव्हा ते तिथेच होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं. मी साताऱ्याहून पोचलो तोवर दवाखान्याच्या बाकड्यावर निम्मं गाव बसलं होतं आणि वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर, एकट्या. लोक त्यांना विचारत होते, "घंटा वाजली तवा तू कुठं हुतीस?" त्या म्हणत होत्या, "वाजली न्हाई." कुणीतरी हळूच म्हणालं, मोबाइलवर असंल. आणखी कुणी म्हणालं, जतची हाय ती, दुष्काळातली, तिकडं मानसाची काय किंमत.

भावाने मला जिन्यात गाठलं. "खरं सांग. वाजली नसंल का? बिघाड असतूय का त्यात?"

तेव्हा मी ते चार शब्द बोललो.

मी तेव्हा माग पाहिलेला नव्हता, हे माझ्या बाजूने मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण आत कुठेतरी रेघ उडालेली होती. विचारल्याबरोबर मला नियमच आठवला होता. आणि माझ्या जिभेने असं वाक्य निवडलं की जे खोटं ठरणार नाही. बिघाड खरोखर नव्हता. बोर्डाने मी सांगितलं तेच केलं होतं.

भावाने मान हलवली आणि तो खाली वहिनींकडे गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्यांची पाठ फक्त दिसली. ती जरा खाली वाकली.

बोर्ड मी शिरवळला आणला आणि दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवायला गेलेले असताना, माग उघडला. एक वाजून वीस मिनिटांपासून पाच हाका, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने. पोच नाही. तार बंद. मग पावणेदोनपासून नोंदी सुरू होतात. घंटा नाही, नोंदी फक्त. तेवीस. आधी एकेक, मग जवळजवळ, मग थोडा वेळ काहीच नाही. चोविसावी, शेवटची नोंद वेगळी होती. बटण दाबलं गेलं आणि लगेच सुटलं नाही. चार मिनिटं दाबलेलं राहिलं. पडताना बटण त्यांच्या अंगाखाली आलं असणार.

खिडकीबाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि त्यांचा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा येत होता. पडद्यावरच्या चोवीस ओळी पाण्यातल्या गवतासारख्या हलत होत्या. मी त्या किती वेळ बघितल्या ते आठवत नाही. मग मी मशीन बंद केलं आणि डबा खाल्ला.

गप्प राहण्यासाठी माझ्याकडे एक कारण होतं, आणि ते मी जपून वापरलं. पहिल्या पाच हाकांना पोच नव्हती. म्हणजे वहिनींनी पाचदा दुर्लक्ष केलं, म्हणून नियम लागू झाला. माझी चूक असेल, पण निम्मी. उरलेली निम्मी त्यांची. निम्म्यासाठी कोण कशाला तोंड उघडतो? दिवाळीला घरी गेलो. आबा अंथरुणावर होते. भावाने शेजारच्या गावची एक बाई त्यांच्याजवळ बसायला ठेवली होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वहिनी स्वयंपाक करायच्या आणि ताट सोप्याच्या उंबऱ्यावर ठेवायच्या. आत ती बाई घ्यायची. भाऊ वहिनींशी कामापुरतं बोलायचा, तेही भिंतीकडे बघून. त्यांनी मला करंज्या वाढल्या. मी खाल्ल्या. आबा माझ्याकडे बघायचे. मी त्यांच्या पायांकडे बघायचो.

त्या थंडीत मला एकच स्वप्न पडायचं. उसाला तुरे आलेले, सगळं रान पांढरं, आणि त्यात एक तार, जमिनीपासून हातभर वर, अधांतरी. मी तिच्यामागे चालत जायचो. ती कुठेच संपायची नाही. तुरे कानांना लागायचे. कुणीतरी काहीतरी म्हणत असल्यासारखं वाटायचं, पण आवाज नसायचा. घाबरून जाग यायची असंही नाही. उलट झोप फार गोड असायची. त्याचीच मला लाज वाटायची.

मार्चमध्ये एका रविवारी गेलो. ती बाई सुट्टीवर होती. दुपारची वेळ, पंख्याचा आवाज, आबांचा डोळा लागलेला. मी त्यांच्याजवळ खुर्चीत बसलो होतो, अर्धवट झोपेत. बाहेर रस्त्यावरून गारेगारवाला गेला. त्याने घंटा वाजवली.

आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "ओ."

मी जागा झालो. घंटा परत वाजली. परत, "ओ, आले." मग भांड्याचा आवाज, मग सगळं गप्प.

मी आत गेलो. त्यांचे हात पिठात होते. मला बघून त्या ओशाळल्या.

"वहिनी, कुणाला ओ दिलीत?"

"कुनाला न्हाई, भावजी. सवय."

"घंटा वाजली की तुम्ही तोंडाने ओ द्यायचात?"

"मग? मामंजी हाक मारत्यात आन मी गप बसू?"

"आणि ते हिरवं बटण?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घंटा होती तिथे आता चार खिळे होते. "ते दाबलं की घंटा गप व्हायची. म्हंजे मामंजींचं त्वांडच बंद केल्यागत. आसं करत्यात व्हय मोठ्या मानसाला? कवातरी हात लागायचा चुकून, तेवढंच. न्हाईतर परड्यात आसले तरी तिथनं ओ द्यायची, जोरात. घंटा वाजून वाजून दमायची आन आपसूक थांबायची."

"प्रत्येक वेळी?"

"मोजलं न्हाई. त्यास्नी काय नकोच आसायचं वो. ओ आली की डोळं मिटायचे. तेवढ्यासाठीच दाबायचे."

त्या परत पीठ मळू लागल्या. मी तिथेच उभा राहिलो. शंभरावर हाका आणि शंभरावर ओ, दिवसाला. दसऱ्याला पोळ्या लाटतानाही त्या देत असणार. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो, मला ऐकूही आली नव्हती. माझ्या बोर्डाला त्या ऐकू येत नव्हत्या म्हणून त्याने लिहिलं, पोच नाही. माग खोटं बोलला नव्हता. त्याला ठाऊक होतं तेवढं तो बोलला होता. आणि मी इतके महिने त्या पाच ओळींच्या आड निम्मा निर्दोष होऊन बसलो होतो. पाचही वेळा परड्यातून ओ गेली असणार. सहाव्यांदा हाकच आली नाही.

भाऊ रानातून आला. हातपाय धुऊन सोप्यात बसला. मी वहिनींना बाहेर बोलावलं. त्या उंबऱ्यावर थांबल्या. आबा जागे झाले होते. मी उभा राहूनच सांगितलं. दसऱ्याला काय घातलं, ते कसं चालतं, त्या दुपारी किती वेळा दाबलं गेलं, घंटा कशी वाजली नाही. शेवटच्या चार मिनिटांचंही सांगितलं. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडलो. आवाज इतका सरळ येत होता की दुसराच कुणी बोलतोय असं वाटत होतं.

भावाने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग म्हणाला, "जिन्यात म्या तुला इचारलं हुतं."

"हो."

"तू इंजनेर म्हनून तुझं ऐकलं रं. हिचं न्हाई ऐकलं." तो टॉवेल नुसताच घडी करत होता, सोडत होता, परत घडी करत होता. "समद्यांफुडं काय काय बोललो हिला."

मी वहिनींकडे वळून म्हणालो, "चुकलं माझं." ते शब्द त्या जागी फार लहान वाटले.

त्यांनी एकच विचारलं. "हे तुमास्नी कवापासनं ठावं हाय, भावजी?"

"ऑपरेशननंतरच्या आठवड्यापासून."

त्यांनी मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्हंजे दिवाळीला माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्या, तवा ठावं हुतं."

"हो."

"दोनदा मागून घेतल्या हुत्या तुमी."

मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते वहिनींकडे बघत होते, आणि त्यांचा डावा हात चादरीवर थोडा पुढे सरकला होता, तळवा वर. वहिनी आल्या, त्यांनी तो हात उचलून चादरीखाली नीट ठेवला, जसा रोज ठेवत असतील तसा. पीठ लागलं थोडं.

भाऊ म्हणाला, "त्या बाईला उद्यापासनं न्हाई म्हनून सांगतो."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "येऊ दे की तिला. मामंजींचं बघंल ती. मी जतला जाऊन येते. आईला बघून वरीस झालं."

"आजारी हाय व्हय आई?"

"न्हाई. धडधाकट हाय."

"मग आत्ताच कशाला..."

"आवं, मधी गेले आसते तर काय म्हनला आसता समदी? केलं आन पळाली. म्हनून न्हाई गेले. आता जाते."

भाऊ उठला. "चल, मी सोडतो."

"नगं. भावजी सोडतील," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"कवा येशील?"

"बघू."

त्यांनी एक पिशवी भरली. आबांजवळ जाऊन कानाशी काहीतरी बोलल्या. भावाची गाडी मी काढली. तो फाटकापर्यंत आला, काचेपाशी वाकला, आणि म्हणाला, "पान्याची बाटली घेतलीस का?" त्यांनी बाटली उचलून दाखवली.

कृष्णेचा पट्टा मागे पडला तसा ऊस संपत गेला. मग द्राक्षांच्या बागा, मग त्याही विरळ. कवठेमहांकाळच्या पुढे रान मोकळं झालं, ज्वारीची काढणी झालेली, खोडकी उरलेली, आणि सगळीकडे तो फिकट उजेड, ज्यात लांबची झाडं जमिनीवर टेकलेली वाटत नाहीत. पाण्याचे टँकर समोरून यायचे आणि मागे ओल्या थेंबांची रेघ ठेवून जायचे. रेघ बघता बघता सुकायची. आम्ही बोलत नव्हतो. मला ते चालत होतं. बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते मी पाच महिने उशिरा बोलून बसलो होतो.

जतच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "त्या तुमच्या मशीनला कान न्हाईत का?"

"नाहीत."

"लावायचं हुतं मग."

"हो. लावायला पाहिजे होते."

"आनि नसले कान, तर मला इचारायचं हुतं. मी काय मुकी न्हाई."

"हो."

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. वैरण कमी पडली, इतक्या साधेपणाने म्हणाल्या. मला क्षमा मिळाली असं मी इथे लिहिणार नाही, कारण ती मी मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही. त्यांना त्यांचं खरेपण परत हवं होतं, ते मिळालं होतं, आणि ते देण्यात माझं काही मोठेपण नव्हतं. ते त्यांचंच होतं.

पुढे वळणावर समोरून मेंढरं आली. शंभर-दीडशे तरी असतील, सगळा रस्ता भरून. धुळीत फक्त पाठी दिसत होत्या, नदीसारख्या सरकणाऱ्या. मी गाडी थांबवली. मागे एक मोटारसायकलवाला आला आणि हॉर्न वाजवू लागला, मग कंटाळून तोही थांबला. मी इंजिन बंद केलं. वहिनींनी काच खाली घेतली. पुढचा धनगर वळून बघत होता. त्या त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलल्या. तो काठी खांद्यावर टाकून हसला आणि लांबलचक उत्तर दिलं. वहिनीही हसल्या. मी त्यांना दसऱ्यानंतर हसताना पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हनतोय, मागं एक म्हातारी मेंढी हाय. ती चालंल तशी बाकीची चालत्यात. घाई आसंल तर दुसरा रस्ता न्हाई, म्हनतोय."

"तुम्हाला घाई आहे?"

"मला? न्हाई."

मेंढरं चालली होती. धूळ आत येत होती, मऊ, लोकरीचा वास असलेली, आणि त्यांनी काच वर घेतली नाही. म्हातारी मेंढी अजून कुठे दिसत नव्हती. आम्ही थांबलो होतो.